मूठ सैल होते ती पाण्यामुळे

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सुरीची मूठ खुळखुळायला लागली की आपण लगेच म्हणतो, चिकटवलीच नीट नव्हती. मला हे पटत नाही. आपल्या ठाण्यात मुठीची वाट लावतं ते पाणी.

कसं ते बघा. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ९ टक्के ओल राहते, ८० टक्के झाली की ती १६च्या आसपास जाते. जुलैत आपल्याकडे हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय लाकूड फुगतं आणि आकसतं ते आडवं; लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. आतलं पोलाद त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. त्या फटीत पाणी शिरतं, मीठ शिरतं, लिंबाचा रस शिरतो. पोलाद गंजतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतूनच लाकूड फोडतो. इथे चेंदणी कोळीवाड्यातून काही ताई आल्या आहेत. मासळीच्या खाऱ्या पाण्यात रोज भिजणाऱ्या सुरीचं काय होतं, हे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

म्हणून लाकूड पूर्ण सुकलेलं हवं. शिसव उत्तम, सागवानही चालेल. ते आणून लगेच कापू नका, जिथे काम करणार तिथेच काही आठवडे पडू द्या. मी तर म्हणेन, मूठ दिवाळीनंतरच बसवा. भर पावसात बसवलेली मूठ हिवाळ्यात आकसते आणि रिव्हेटपाशी, म्हणजे मूठ-पातं जोडणाऱ्या खिळ्यापाशी, तडकते.

आता पात्याचा मागचा भाग, जो मुठीत जातो. तो निमुळता होतो तिथला आतला कोपरा काटकोनी ठेवू नका. गोल कानशीने वळण द्या, कारण सगळा ताण तिथेच साठतो आणि सुरी तिथेच मोडते. हा भाग तापवून लाकडाच्या भोकात दाबायची जुनी रीत चांगली आहे. लाकूड जळून नेमकी जागा होते. पण तेव्हा पात्याला ओलं फडकं गुंडाळलेलं असलंच पाहिजे. धारेपर्यंत निळा रंग चढला, म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं आणि धारेचा कडकपणा उतरला.

पूर्वी मूठ लाखेने बसवत. लाख गरम पाण्यात मऊ पडते, म्हणून रोज गरम पाण्याने धुवायच्या सुरीला मी इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद, वापरतो. दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करा, अ‍ॅसिटोनने पुसा. सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे ते पुसणं टाळून चालणारच नाही. सांधा दाबून धरणारा क्लॅम्प मात्र बेताने आवळा. जोर लावलात तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. २४ तास हात लावू नका.

घासताना मास्क लावा, शिसवीचा भुसा अनेकांना बाधतो. शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, सांध्यावर आणि मुठीच्या टोकाला जास्त, कारण लाकूड टोकाकडूनच सर्वाधिक पाणी पितं. आणि तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते बाहेर दोरीवर पसरून वाळवा.