'ड्रॅक्युला': पहिली चार प्रकरणं आणि उरलेली तेवीस

मित्रहो, 'ड्रॅक्युला' ही कादंबरी मला मनापासून आवडते आणि तिच्यावर माझा रागही आहे. आज दोन्हींबद्दल मोकळेपणाने बोलतो.

1897 साली लंडनमध्ये ती प्रसिद्ध झाली. ब्रॅम स्टोकर मूळचा डब्लिनचा. लंडनच्या लायसियम थिएटरचा कारभार तो पाहायचा. पहिल्या चार प्रकरणांत ही नाटकवाल्याची नजर जागोजागी जाणवते. जोनाथन हार्कर हा तरुण वकील लंडनमधल्या एका घराच्या खरेदीचे कागद घेऊन पूर्व युरोपातल्या ट्रान्सिल्व्हेनियात काउंट ड्रॅक्युलाच्या, म्हणजे माणसांचं रक्त पिणाऱ्या पिशाच्चाच्या, किल्ल्यावर येतो. तिथे मला सगळ्यात जास्त कशाने घाबरवलं असेल? सुळ्यांनी नाही, रक्तानेही नाही. जोनाथन आपल्या खोलीत येतो, तर काउंट स्वतः त्याचं अंथरूण घालत असतो. मग दाराच्या फटीतून दिसतं की टेबलावर जेवणाची मांडामांडही तोच करतोय. म्हणजे एवढ्या मोठ्या किल्ल्यात नोकर एकही नाही. मग त्या रात्री आपल्याला घेऊन आलेला, नुसत्या हाताच्या इशाऱ्याने लांडग्यांना गप्प करणारा गाडीवान कोण होता? घरकामातून इतकी भीती उभी करणं, ही फार मोठी ताकद आहे.

नंतर काउंटला घेऊन इंग्लंडमधल्या व्हिटबी गावाच्या किनाऱ्याला लागणारं ते जहाज. स्टोकर 1890 मध्ये व्हिटबीला राहून आला होता, आणि 1885 मध्ये तिथे खरोखरच एक रशियन जहाज फुटलं होतं. कादंबरीत खलाशी एकेक करून नाहीसे होतात आणि कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो. कप्तानाची ती रोजनिशी मी आजही एका बैठकीत वाचतो.

आणि मग पिशाच्चांचा जाणकार डॉक्टर व्हॅन हेल्सिंग येतो! इथून माझी कुरबुर सुरू होते. तो समजावून सांगतो, फार सांगतो. लसूण कुठे लावायचा, मातीच्या पन्नास पेट्या कुठे गेल्या, काउंटला काय चालतं नि काय चालत नाही. भीतीचे नियम हातात आले की भीती उरत नाही, हिशोब उरतो. पहिल्या प्रकरणांत पानंच्या पानं बोलणारा काउंट पुढे क्वचित दिसतो. काउंटने जिचं रक्त शोषलं त्या लूसीला चार जणांचं रक्त बिनदिक्कत चढवतात, त्याला मात्र मी नावं ठेवत नाही. रक्तगटांचा शोध तोवर लागायचाच होता.

पण ज्या भागावर मी चिडतो, त्याच भागात जोनाथनची बायको मीना आहे. सगळ्यांच्या डायऱ्या, पत्रं, तारा, डॉक्टर सेवर्डने फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी, सगळं ती टाइप करते, तारखांनुसार लावते. तिच्याशिवाय कुणाला काही कळलंच नसतं. आणि काउंटच्या मागावरचे हे शूर पुरुष काय ठरवतात? तिला त्रास नको म्हणून यापुढे तिला काही सांगायचं नाही. नेमक्या त्याच दिवसांत काउंट तिच्यापर्यंत पोहोचतो. जोनाथन डायरीत लिहितो की बायको फिकट दिसते, गाढ झोपते. आणि तिला यातून बाहेर ठेवलं ते बरंच केलं, असं त्याला वाटतं. वाचकाला सगळं दिसतंय, शेजारी झोपलेल्या नवऱ्याला दिसत नाही. ही भीती किल्ल्यातल्या भीतीपेक्षा खोल आहे, असं मला आता वाटू लागलंय.

काउंट ट्रान्सिल्व्हेनियाकडे परत पळतो तेव्हा तो कुठल्या नदीने जाईल हेही नकाशे पाहून मीनाच शोधते. शेवटी दोन सुरे चालतात, काउंटची धूळ होते, आणि एवढ्या मोठ्या पाठलागाचा निकाल काही ओळींत लागतो. ते घाईचं वाटतं, पण मी चालवून घेतो. जे चालवून घेत नाही, ते त्यानंतरचं टिपण. सात वर्षांनी जोनाथन लिहितो की मूळ कागद जवळजवळ उरलेलेच नाहीत, आहे तो टाइप केलेला मजकूर. म्हणजे आपल्या हातात आलेलं जवळपास सगळं मीनाच्या हातचं. तरीही स्टोकर शेवटचे शब्द देतो व्हॅन हेल्सिंगला, आणि ते असतात तिच्यासाठी पुरुषांनी केवढं धाडस केलं याबद्दल.