शीट नंतर, हात आधी

(दृश्य: वर्ग. टेबलांवर रद्दीचे गठ्ठे.)

आज या वर्गात पेन्सिली पिशवीतच राहणार आहेत. प्रत्येकाच्या पुढ्यात पेपरचा एकेक ताव. कात्री नाही, फेव्हिकॉल नाही. या तावातून असं काहीतरी घडवायचं, की ते आधाराशिवाय उभं राहील. आणि काम संपल्यावर टाकून द्यायला एक कपटाही उरता कामा नये.

कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयाचं हे पहिलं वर्ष. मुलं कागल, गारगोटी, राधानगरी, गडहिंग्लजकडची. बहुतेकांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या. संकल्पचित्रात पोस्टर कलर सपाट बसतो, अक्षरं रेषेत येतात. हात तयार आहेत, यात वादच नाही. पण त्या हातांना नमुना बघून चित्राची शीट पूर्ण करायची सवय लागलीय. म्हणून पहिला प्रश्न येतो, "सर, नमुना कुठाय?"

नमुना नाही.

(दृश्य: घडी घालणारी बोटं, अगदी जवळून.)

हिच्याकडे बघा. बारीक, सारख्या घड्या घालत चाललीय. मघाशी हातात लोंबणारा तोच कागद आता ताठ झालाय. वर वही ठेवली, तरी वाकला नाही. शेजारच्या मुलानं ताव भिजवून पिळायला घेतलाय, त्याचा दोर होतोय. कागदाला जे जमतं ते आधी शोधायचं. डिझाइन तिथून सुरू होतं, असं या वर्गाचे सर मानतात. आम्हालाही ते मनापासून पटलंय.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

या पद्धतीचं मूळ शंभर वर्षं मागं जातं. 1919 साली जर्मनीत वायमार इथं बाउहाउस ही कला आणि डिझाइनची शाळा सुरू झाली. कुणाला चित्रकार व्हायचं असो की सुतार, तिथं योहानेस इटेन यांचा प्राथमिक अभ्यासक्रम आधी करावा लागे. रंग, आकार, पोत आणि हाताखालचा माल ओळखायला शिकायचं. 1923 पासून योसेफ आल्बर्स शिकवू लागले. वर्गात वर्तमानपत्रं वाटून, काहीही वाया न घालवता त्यातून वस्तू करा, असं सांगणारे ते हेच. 1933 मध्ये नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडलं, आल्बर्स अमेरिकेला गेले आणि ही शिकवण जगभर पसरली.

आणि कोल्हापूर? इथले चित्रकार आणि सिनेमाकार बाबूराव पेंटर कुठल्या कलाशाळेत शिकले नव्हते. मेस्त्री घराण्यातला मुलगा, घरातच लाकूडकाम आणि मूर्तिकाम बघत वाढला. नात्यानं भाऊ असलेल्या आनंदरावांसोबत त्यांनी नाटकाचे पडदे रंगवले. 1916 मध्ये आनंदराव वारले, तरी बाबूराव थांबले नाहीत. सिनेमाचा कॅमेरा त्यांनी इथंच, स्वतः घडवला. रंगारी, मूर्तिकार आणि यंत्र जुळवणारा, सगळं एकाच माणसात होतं. अशा गावातली मुलं पहिल्या वर्षी नुसती शीटं भरत बसली, हे आम्हाला खटकतं.

(दृश्य: सुभाषनगर. चपलेचं काम चालू असलेली खोली.)

म्हणून वर्ग इथं आलाय. कमावलेलं कातडं. बाभळीची साल आणि हिरड्यात मुरलेलं, त्याचा वास दारातूनच येतो. रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या हत्यारानं, तळ कापला जातो. कडेला हे कान बसतात, त्यांतून पट्टा जातो. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळ्याचं काम नाही. 2019 साली या कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मुलांची नजर चपला करणाऱ्या मामांच्या अंगठ्यावर खिळलीय, कातड्याची जाडी ते त्यानंच मोजतात.

एका मुलीनं कोरड्या तुकड्यालाच आरी लावली.

"पोरी, आधी पाणी लाव की. वाळलेलं कातडं ऐकत न्हाई."

"किती लावायचं, मामा?"

"हाताला कळतंय ते."

तिनं वहीत लिहून घेतलं. या वहीत चित्रं कमी, नोंदी जास्त. काय फाटलं, कुठं ताण आला, दुसऱ्यांदा काय बदललं. चुकलेले तुकडेही तारीख टाकून चिकटवलेले. सर आधी वही मागतात, वस्तू नंतर.

वार्षिक परीक्षेत मात्र गुण शीटलाच आहेत. दोन्हीकडची तयारी करताना मुलांची ओढाताण होते, वर्गात संख्याही मोठी आहे. वहीला गुण मिळायलाच हवेत.

(दृश्य: वर्ग. मांडणी. मुलं भिंतीला टेकून उभी.)

सत्राचं शेवटचं काम होतं, कातड्याच्या उरलेल्या तुकड्यांतून, खिळा आणि गोंद न वापरता, रोज वापरता येईल अशी वस्तू करायची. पाण्याच्या बाटलीचं जाळं. चष्म्याचं घर. दप्तराचा बंद. बघायला सुभाषनगरचे मामाही आलेत, सरांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेत. आज गुण देण्यात त्यांचाही वाटा आहे.

त्यांनी बंद उचलला, दोन्ही हातांनी खेचला, शिवण उलटी करून पाहिली.

"दप्तर भरून आण. मग सांगतो."

मुलगा वर्गभर फिरून पुस्तकं गोळा करतोय.