साताऱ्याहून बामणोली : पाण्यापाशी थांबणारा रस्ता

श्रोतेहो, नमस्कार.

सह्याद्रीत आता डांबरी रस्ते पुष्कळ झाले आहेत; परंतु सायकलच्या साखळीचा आवाज स्वाराला स्वतःला ऐकू यावा, असे रस्ते थोडेच उरले आहेत. त्यांपैकी एकाच रस्त्याविषयी मी आज बोलणार आहे. साताऱ्याहून यवतेश्वर, तिथून कास पठार आणि पठारापलीकडे उतरून कोयनेच्या जलाशयाकाठची बामणोली, असा हा ३५ ते ४० किलोमीटरचा रस्ता आहे.

समर्थ मंदिराचा परिसर मागे टाकला की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि कास पठार सुमारे १,२०० मीटरवर आहे, आणि या चढाचा मोठा भाग पहिल्या काही किलोमीटरांतच संपतो. घाटमाथ्यावर आल्यावर रस्ता डोंगराच्या धारेवरून पश्चिमेकडे जातो. डावीकडे उरमोडीचे खोरे आणि त्यापलीकडे सज्जनगड दिसतो, तर उजवीकडे वेण्णेवरच्या कण्हेर धरणाचे पाणी दिसते.

कास पठाराचे नाव सर्वांना ठाऊक आहे. जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर, त्यावर पावसाळ्याच्या अखेरीस उमलणारी फुले आणि सात वर्षांतून एकदा फुलणारी टोपली कारवी, यांमुळे २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेले. म्हणूनच सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धात या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. त्या दिवसांत सायकल घेऊन इकडे येऊ नये. फुले पाहायची असतील तर अवश्य पाहावीत. परंतु सायकलसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा. पुन्हा सांगतो, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत.

कास तलावापर्यंत आलेल्या बहुतेक मोटारी तलाव पाहून माघारी वळतात आणि माझ्या मनातला रस्ता तिथून पुढे सुरू होतो. तो शांत का आहे, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दोन डोंगररांगांच्या मधून दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. १९६० च्या दशकात धरणात पाणी अडले, तेव्हा या खोऱ्यातील नदीकाठची गावे आणि त्यांची खाचरे शिवसागर जलाशयाखाली गेली. काही लोकांचे दूर पुनर्वसन झाले, काही घरे वरच्या उताराला सरकली. उरलेल्या वस्त्यांना साताऱ्याशी जोडणारा हा रस्ता बामणोलीला पाण्यापाशी येऊन थांबतो. ज्याला बामणोलीला किंवा वाटेतल्या वस्तीला जायचे आहे, तोच या रस्त्याला लागतो. घाट ओलांडून दुसऱ्या शहरात जाणारी वाहतूक इथे नाही, आणि रस्ता अरुंद असल्यामुळे वेगही नाही. घाटातला प्रत्येक रस्ता रुंद करण्याचा आग्रह मला पटत नाही. ज्या रस्त्यावर दिवसाकाठी मोजकीच वाहने जातात, तो अरुंद पण चांगल्या डांबराचा असणे अधिक शहाणपणाचे आहे.

या रस्त्यावर कसे चालावे, हे मला तिथल्या एसटीच्या चालकाकडून समजले. ती हकीगत सविस्तर सांगतो.

एका जानेवारीत माझा मामेभाऊ आणि मी बामणोलीत मुक्कामाला होतो. उजाडता उजाडता आम्ही कासच्या चढाला लागलो. रात्री गावात मुक्कामाला असलेली एसटी त्याच सुमारास साताऱ्याला निघाली होती. ती आमच्या पाठीमागे खालच्या वळणांवर होती, आणि प्रत्येक वळणाला तिचा आवाज मध्येच ऐकू येई आणि मध्येच झाडीत बुडून जाई. तिला वाट द्यावी म्हणून आम्ही कडेला थांबलो आणि समोर पाहिले, तर पुढच्या वळणावर गवे उभे होते.

सात-आठ जनावरांचा कळप होता. सर्वांत पुढे काळाभोर नर, गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, मान ताठ. पूर्ण वाढलेल्या गव्याचे वजन हजार किलोच्या घरात जाते, हे वाचून माहीत होते. परंतु सायकलवरून उतरून, हातात ब्रेक धरून ते समोर पाहणे निराळे. इतक्यात एसटी आमच्या मागे येऊन थांबली. चालकाने एका दृष्टिक्षेपात सारे पाहिले आणि इंजिन बंद केले. खिडकीतून अगदी हलक्या आवाजात तो आम्हाला म्हणाला, "सायकली हातात धरून हळूहळू मागं या, दाराजवळ उभं ऱ्हावा. पळू नका."

आम्ही तसेच केले. पाच मिनिटे गेली, दहा गेली, कळप हलेना. गाडीत कॉलेजला निघालेली मुले होती, दुधाच्या किटल्या होत्या, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे होती. एका प्रवाशाने हॉर्न वाजवण्याची सूचना केली. चालक म्हणाला, "हॉर्न दिला की कळप फुटतो. निम्मी वर, निम्मी खाली. मग दिवसभर ती ह्या वळणाला सोडत न्हाईत." त्यानंतर कोणी हॉर्नचे नाव काढले नाही.

एवढ्यात खिडकीपाशी बसलेली एक मुलगी म्हणाली, "काका, एक अजून वर हाय." आम्ही वर पाहिले. रस्त्यासाठी डोंगर जिथे उभा कापलेला होता, त्या कापाच्या टोकावर एक वासरू उभे होते. त्याला खाली उतरता येत नव्हते, आणि रस्त्याच्या मधोमध उभी असलेली गाय त्याच्याकडेच पाहत होती. कळप खोळंबला होता तो त्या वासरासाठी. दारातली एक आजीबाई म्हणाली, "भ्यालंय लेकरू. दम धरा." गाडीतल्या कोणाचा तरी फोन वाजू लागला, तो कंडक्टरने हाताने खूण करून बंद करायला लावला. भरलेल्या एसटीत इतकी शांतता मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती.

वासरू कापाच्या कडेकडेने बरेच पुढे गेले. जिथे बांध ठेंगणा होऊन कारवीची दाटी सुरू होते, तिथे ते अडखळत, दगड घरंगळवत रस्त्यावर उतरले. गायीने त्याला एकदा हुंगले आणि दोघेही दरीच्या बाजूला उतरली. त्यांच्यामागे कळप गेला, आणि नर सर्वांत शेवटी गेला. आता गाडी सुरू होईल असे आम्हाला वाटले. परंतु खालच्या कारवीची हालचाल पूर्ण थांबेपर्यंत चालकाने किल्लीला हात लावला नाही.

मग तो आम्हाला म्हणाला, "तुम्ही आमच्या मागनं या. वर अजून असतील तर आवाजानं बाजूला होतील." गाडी पहिल्या गिअरमध्ये आमच्या पुढे चढू लागली, आणि पुढच्या प्रत्येक वळणापलीकडचा रस्ता पाहून कंडक्टर मागच्या खिडकीतून हात बाहेर काढून आम्हाला "या" म्हणून खुणावत राहिला. वर सपाटीला गाडी थांब्यावर उभी राहिली, तेव्हा त्याच्याकडून आम्हाला कळले की, वासरू दाखवणाऱ्या त्या मुलीची दहा वाजता साताऱ्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती. गाडीला उशीर होत असताना तिने एका शब्दाने घाई केली नव्हती.

जाता जाता एक आग्रहाने सांगतो. अशा मुक्कामी गाड्या तोट्यात चालतात म्हणून त्या बंद करण्याचा विचार कोणी करू नये. खोऱ्यातल्या मुलींचे कॉलेज आणि म्हाताऱ्यांचा दवाखाना त्या एका गाडीवर चालतो.

आता रस्त्याच्या सूचना थोडक्यात सांगतो. गवा दिसला तर थांबावे, घंटी वाजवू नये, फोटोसाठी पुढे जाऊ नये आणि कळपाच्या मधून सायकल कधीही घालू नये. कळप रस्ता ओलांडून गेला तरी मागे राहिलेले एखादे वासरू असू शकते, म्हणून आणखी थोडे थांबावे. हे पुन्हा सांगतो, आणखी थोडे थांबावे. हँडलला लहान स्पीकर बांधून गाणी लावत जाणे या रस्त्यावर तरी सोडून द्यावे. पुढच्या वळणावरचे जनावर, मागून येणारी एसटी आणि झाडीतला पक्षी यांची सूचना कानालाच मिळते. कासनंतर दुकाने विरळ आहेत, तेव्हा पाणी तिथेच भरून घ्यावे. बामणोलीकडच्या उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडे थोडे, वळणाच्या आधी लावावेत.

बामणोलीहून पुढे जाण्याचा मार्गही आहे. तिथल्या लाँचवाल्यांशी आधी बोलून सायकली लाँचवर चढवल्या, तर पाण्यावरून तापोळ्याला जाता येते. तापोळ्याहून महाबळेश्वरपर्यंत सुमारे ७०० मीटरचा दमछाक करणारा चढ आहे, आणि तिथून केळघर घाट उतरून मेढ्यावरून साताऱ्याला परतता येते. पायांत बळ असलेल्या तरुणांनी तो फेरा अवश्य करावा.

मला विचाराल, तर बामणोलीत एक रात्र राहून आल्या रस्त्यानेच परतावे. उतरताना नजर डांबरावर खिळलेली असते, त्यामुळे हिरडा, जांभूळ, अंजनी, खाली हळूहळू दूर जाणारे पाणी आणि उताराला सरकलेल्या वस्त्यांची घरे पाहायची राहून जातात. ती सर्व चढताना दिसतात, कारण चढाचा वेग पायी चालण्याहून फारसा अधिक नसतो. त्यासाठी सकाळी सातच्या सुमारास, मुक्कामी एसटी पुढे गेल्यानंतर निघावे, म्हणजे साताऱ्याहून येणाऱ्या मोटारी पठारावर पोहोचण्यापूर्वी आपण कास तलाव ओलांडलेला असतो.

नमस्कार.