एकट्या माणसाकडेच लोक वाट विचारतात

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी सात-साडेसातला बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर दहा मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी एक गोष्ट लक्षात येते. माणसं शेकड्यांनी उतरत असतात, पण ‘अहो, खानापूरची गाडी कुठं लागते?’ हे विचारायला लोक ठरावीक माणसांकडेच वळतात. त्यांचे कपडे भारी असतात असं नाही. त्यांचा हात दर मिनिटाला खिसा चाचपत नाही, मान भिरभिरत नाही, चालण्यात घाई नसते, इतकंच. एकट्याने फिरायची सवय लागलेल्या माणसांत हे हमखास दिसतं. हा ठामपणा आणि त्यामुळे आपल्याला वाटणारी त्यांची ओढ, दोन्ही कशातून तयार होतात ते आज पाहू.

आपल्याकडे प्रवास म्हटला की सोबत आलीच. सौंदत्तीच्या यल्लम्माला गाडी भरून, पंढरपूरला दिंडीतून, लग्नाला टेम्पोतून. त्यात आनंद आहेच. पण तिकीट एकजण काढतो, वाट दुसरा विचारतो, जेवायचं कुठं ते तिसरा ठरवतो आणि उरलेले मागून चालतात. एकट्याला हे सगळं स्वतःच ठरवावं लागतं. त्यातलं काही चुकतं. चुकूनही संध्याकाळपर्यंत मुक्कामाला पोचता येतं, हे दोन-तीनदा अनुभवलं की ते अंगात मुरतं. हे घोकून येत नाही.

आणि एकटं जाणं म्हणजे कुणाचा आधार न घेणं, असं समजू नका. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले, तेव्हा ते २९ वर्षांचे, फारसे कुणाला ठाऊक नसलेले संन्यासी होते. ते कोल्हापूरहून आले ते तिथल्या ओळखीच्या माणसाची चिठ्ठी घेऊन, आणि उतरले एका मराठी वकिलांच्या घरी. पुढे काही दिवस ते वनखात्यातल्या एका बंगाली अधिकाऱ्याकडे राहिले. माणसं त्यांच्याभोवती जमली ती त्यांच्या बोलण्यामुळे, पण दार उघडलं ते चिठ्ठीने. आजही पुढच्या मुक्कामी ओळखीच्या एका माणसाचं नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून घ्यावा. फोनमध्ये नको, कागदावरच.

आता तयारी. पैसे तीन जागी ठेवा. दिवसभराच्या खर्चाचे वरच्या खिशात, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटांत. मोठी रक्कम आतल्या कप्प्यात. आणि परतीच्या भाड्याइतकी एक घडी पिशवीच्या तळाशी, जिला हात लावायचाच नाही. असं केलं की चारचौघांत पाकीट उघडून मोजत बसावं लागत नाही, आणि खिसा चाचपायची सवय आपोआप सुटते. ओझं एका हाताने उचलून बसची पायरी चढता आली पाहिजे. साधारण सहा-सात किलोच्या वर गेलं की माणूस वाकतो, दमतो, आणि दमलेला माणूस समोर येईल त्या पहिल्या रिक्षात बसतो. फोन २० टक्क्यांवर आला की फोटो बंद. चोर्ल्याच्या घाटात, जांबोटीच्या जंगलपट्ट्यात रेंज जाते, म्हणून नकाशा घरीच उतरवून घ्यावा. पोट बिघडलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच. मीठ वाढलं तर अपाय होतो, तेव्हा अंदाजाने घालू नका.

अनोळखी स्टँडवर सगळ्यात नाजूक असतात ती उतरल्यानंतरची पहिली दोन मिनिटं. नवखा माणूस बसच्या दाराशीच थांबतो, फोन काढतो, मान वर करतो. तेवढ्यात चार रिक्षावाले घेरतात. त्यांचं काही चुकत नाही, गोंधळलेलं गिऱ्हाईक त्यांना लांबून ओळखू येतं. त्यापेक्षा गर्दीबरोबर सरळ चालत राहावं, चहाच्या गाड्यापाशी थांबावं, चहा सांगावा, पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवावी. मग फोन काढावा. भाडं विचारायचं तेही चहावाल्याला: ‘किल्ल्यापर्यंत रिक्षाचे किती होतात?’ त्याचा त्यात काही फायदा नसतो, त्यामुळे आकडा बहुधा खरा मिळतो.

वाट विचारण्यातही एक मेख आहे. ‘ही गाडी गोकाकला जाते ना?’ असं विचारलं की समोरचा सौजन्याने ‘हो’ म्हणून मोकळा होतो. उत्तर आपणच त्याच्या तोंडात घातलेलं असतं. ‘ही गाडी कुठं जाते?’ असं विचारा. नाव त्याच्या तोंडून आलं पाहिजे. आणि दोघांना वेगवेगळं विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत तर तिसरा माणूस म्हणजे कंडक्टर. तो सुटे नाहीत म्हणून उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतो, ती उतरायच्या एक थांबा आधी मागून घ्यायची. दारात मागू नये, मागची माणसं ढकलतात आणि पैसे राहून जातात.

सीमाभागातल्या माणसाला इथे मोठी देणगी मिळालेली आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, सिनेमात हिंदी, अशी आपल्या कानांना लहानपणापासून सवय असते. तरी पूर्वेकडे बैलहोंगल, रामदुर्गाच्या बाजूला मराठी विरळ होत जाते. तिथे मोजके शब्द पुरतात: एल्ली म्हणजे कुठे, एष्टु म्हणजे किती, नीरु म्हणजे पाणी, ऊटा म्हणजे जेवण, साकु म्हणजे पुरे, बेडा म्हणजे नको, निल्लिसी म्हणजे थांबवा. आधी ‘अण्णा’ किंवा ‘अक्का’ म्हणा, मग शब्द मोडकातोडका असला तरी चालतो. चुकीच्या कन्नडला कुणी हसलं तर आपणही हसावं. त्या हसण्यात अर्धी ओळख होऊन जाते.

बायकांविषयी थोडं सविस्तर बोलते, कारण त्यांना अडवणारे प्रश्न जास्त असतात. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात रहिवासी महिलांना शक्ती योजनेखाली सरकारी साध्या बसने राज्यात फुकट फिरता येतं. राजहंस, वातानुकूलित, परराज्यात जाणाऱ्या गाड्या त्यात नाहीत. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र जवळ हवं, आणि शून्य रकमेचं का होईना, तिकीट घ्यावंच लागतं. कोल्हापूरला जायचं असेल तर निपाणीपर्यंत या बसने जाऊन पुढची गाडी धरता येते. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण तेही त्यांच्या हद्दीपुरतंच.

रेल्वेचा एक नियम फार थोड्या जणींना ठाऊक असतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १३९ प्रमाणे, सोबत पुरुष नसलेल्या बाईला तिकिटाच्या कारणावरून वाटेल त्या स्टेशनावर उतरवता येत नाही. ती जिथून बसली ते स्थानक, जंक्शन, शेवटचं स्थानक किंवा जिल्ह्याचं ठिकाण, एवढ्याच जागी, आणि तेही दिवसाच. म्हणजे आपल्या मार्गावर मिरज, बेळगाव, लोंढा. रात्री कुडचीला किंवा रायबागला उतरा असं कुणी म्हणालं तर कलम सांगायचं. दंड माफ होत नाही, तो भरावा लागतो. रेल्वेचा मदतीचा नंबरही १३९ च आहे, लक्षात ठेवायला सोपा. बाकी सगळीकडे ११२.

‘एकट्याच का?’ हा प्रश्न हटकून येतो. खरं सांगायला आपण बांधलेलो नाही. ‘भाऊ स्टँडवर घ्यायला येतोय’ एवढं बोलून खिडकीबाहेर बघावं. कुठल्या लॉजवर उतरणार, कुठल्या खोलीत, हे कुणालाच नको, आणि फोटो टाकायचे ते ती जागा सोडल्यावर. घरी मात्र चिठ्ठी ठेवावी: कुठली गाडी, कुठला मुक्काम, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ती वेळ लिहिलेली नसली की आई संध्याकाळी सहापासून फोन करत राहते, आणि त्यातच आपली बॅटरी संपते.

आता अशा माणसांबद्दल वाटणाऱ्या त्या ओढीबद्दल. एकट्याने जेवता येणं ही ठामपणाची खरी परीक्षा आहे. खानावळीत भाकरी येईपर्यंतची दहा मिनिटं अनेकांना जड जातात, मग फोनमध्ये तोंड घातलं जातं. भिंतीकडे पाठ, दाराकडे तोंड करून बसा आणि फोन खिशात ठेवा. समोरच्या बाकावरचा माणूस स्वतःहून बोलायला लागतो, कारण तुम्ही मोकळे दिसता. ज्याला गप्प बसण्याची भीती उरली नाही, तो मधे तोंड घालत नाही, ऐकून घेतो. घरी परतल्यावर हेच आपल्या माणसांना जाणवतं. ‘बदलला बरं का’ म्हणतात.

सुरुवात लहान करा. पहिल्यांदा गोकाकचा धबधबा, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. घटप्रभा तिथे ५२ मीटर खाली कोसळते, पण ते पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस. उन्हाळ्यात कातळच दिसतो. दुसऱ्यांदा खानापूर तालुक्यातलं हलशी, कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ पाहायला. तिथे गाड्या कमी, म्हणून उतरतानाच त्याच कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा आणि तिच्या आधीची गाडी धरा, कारण शेवटची आलीच नाही तर पर्याय उरत नाही. तिसऱ्यांदा रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस रेल्वे, बंगळुरूपर्यंत. वरचा बर्थ मागा, पिशवी उशाला घ्या, चपला कागदात गुंडाळून पायथ्याशी. उतरण्याआधी अर्धा तास उठून तोंड धुऊन घ्या, म्हणजे स्टेशनाबाहेर पाऊल टाकताना डोळ्यांवर झोप नसेल.

नमस्कार.