मार्क कितवा?

[उद्यमनगर, सकाळ. अर्धं उघडलेलं शटर. आत कापड टाकून झाकलेला लेथ. बाकड्यावर कॅसेट डेक.]

सुट्टीच्या दिवशी कोल्हापूरचं उद्यमनगर असं दिसतं. एरवी या गल्लीत शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर घसा ताणावा लागतो. आज लेथ बंद आहे. बिडाची काळी भुकटी तेवढी फरशीच्या फटींत राहिली आहे.

हे मामा. चाळीस वर्षं पंपांचे सुटे भाग बनवत आले आहेत. आत्ता मात्र ते कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून डेकचं हेड पुसतायत. पहिला बोळा तपकिरी निघाला. दुसरा पिवळसर. तिसरा पांढरा निघेपर्यंत मामा कॅसेट आत घालत नाहीत.

कॅसेटच्या पट्टीवर निळ्या शाईत, मामांच्याच अक्षरात लिहिलंय : 'डीप पर्पल. मार्क टू.'

[डेकचं बटण दाबलं जातं. आधी ऑर्गनची खुडबूड, मग स्नेअर ड्रम.]

1968 साली इंग्लंडात डीप पर्पल हा रॉक बँड उभा राहिला आणि आजही तो वाजतोय. एवढ्या वर्षांत माणसं गेली, नवी आली, गेलेली परत आली, परत आलेली पुन्हा गेली. प्रत्येक जुळणीला क्रमांक मिळाला. मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री. सध्या मार्क नाईन चालू आहे. उद्यमनगरात 'मार्क टू' म्हटलं की कुणालाही आधी इंडिया मार्क टू हातपंप आठवेल, आणि मामांना ही गोष्ट मनापासून आवडते. सुधारलेलं, टिकाऊ, देशोदेशी गेलेलं मॉडेल. त्यांच्या मते दोन्हीकडे अर्थ एकच आहे.

[चौघं बाकड्याभोवती. चहाचे ग्लास. एकाच वेळी तिघांचं बोलणं.]

या चौघांचा वाद सुरू होऊन किती वर्षं झाली, यावरसुद्धा त्यांचं एकमत नाही. मुद्दा एकच. सगळ्यांत भारी मार्क कितवा?

कोल्हापूरकराला असा वाद शिकवावा लागत नाही. पाटाकडील आणि दिलबहारचा फुटबॉल सामना असला की शाहू स्टेडियमच्या बाहेर प्रत्येक चहाच्या गाडीवर संघ निवडला जातो. त्याच्या आधीच्या पिढ्या गाण्यावरून भांडल्या. निवृत्त प्राध्यापक असलेले सर, म्हणजे पांढऱ्या सदऱ्यातले, देवल क्लबात गाणं ऐकत वाढले. ते 1921 सालच्या 'संयुक्त मानापमान'चा दाखला देतात. केशवराव भोसले आणि बालगंधर्व, दोन वेगळ्या नाटक कंपन्यांचे मालक, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एका रंगमंचावर उभे राहिले. केशवराव धैर्यधर, गंधर्व भामिनी. त्याच वर्षी केशवराव गेले. त्या रात्री कोण सरस ठरलं, हे भांडण सरांच्या आजोबांनी सरांच्या वडिलांकडे सोपवलं आणि वडिलांनी सरांकडे.

मामांचा पक्ष आधी ऐकू. आवाज त्यांचाच मोठा आहे.

[मामांच्या मोबाइलवर जुनी कृष्णधवल चित्रं.]

मार्क टू जमला 1969 मध्ये. गायक रॉड इव्हान्स आणि बास वाजवणारा निक सिंपर यांना बाजूला करून इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले. हे दोघं आधी एपिसोड सिक्स नावाच्या बँडमध्ये एकत्रच होते. गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, ड्रमवर इयन पेस. ही पाच नावं मामा एका दमात घेतात, आपण पंढरीचे मुक्काम घेतो तशी.

लॉर्डने या काळात एक गोष्ट केली, ती मामांतल्या कारागिराला अजून झोपू देत नाही. हॅमंड ऑर्गन हे चर्चमध्ये शोभणारं वाद्य. लॉर्डने ते गिटारच्या मार्शल अँप्लिफायरला जोडलं. आवाज फाटला, खरखरीत झाला आणि गिटारच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. मामांच्या भाषेत, "मशीन तेच, फकस्त मोटर बदलली."

आणि मग माँत्रो.

[रंकाळा, पहाट. पाण्यावर धुकं. पलीकडचा काठ दिसत नाही.]

हा रंकाळा आहे. हिवाळ्यात सूर्य वर येईपर्यंत पाण्यावर असं धुकं बसून राहतं. मामा रोज इथे फिरायला येतात आणि रोज त्यांना एक दुसरं तळं आठवतं, न पाहिलेलं.

स्वित्झर्लंडमधलं माँत्रो गाव, जिनिव्हा सरोवराच्या काठावर. 4 डिसेंबर 1971. तिथल्या कॅसिनोत डीप पर्पलला नवी तबकडी ध्वनिमुद्रित करायची होती. त्याआधीचा शेवटचा कार्यक्रम अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाचा. तो रंगात असताना गर्दीतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर पिस्तूल झाडलं. छत पेटलं. माणसं बाहेर काढली गेली. क्लॉड नॉब्ज, तिथल्या जाझ महोत्सवाचे संस्थापक, स्वतः आत शिरून पोरांना बाहेर काढत होते. अख्खा कॅसिनो जळून गेला आणि धूर सरोवरावर पसरला. बँडची माणसं हॉटेलच्या खिडकीतून ते बघत होती. काही दिवसांनी ग्लोव्हर सकाळी जागा झाला तो तोंडात चार शब्द घेऊनच : स्मोक ऑन द वॉटर.

आता जागा नाही. भाड्याने आणलेला फिरता स्टुडिओ, रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या बँडचा ट्रक, दारात उभा. गावातल्या एका नाट्यगृहात रात्री वाजवायला घेतलं. आवाजाने गाव जागं झालं. पोलीस आले. बँडच्या माणसांनी आतून दारं दाबून धरली, आणि तेवढ्यात या गाण्याचा वाद्यांचा भाग पुरा झाला. दुसऱ्या दिवसापासून तिथे बंदी. मग हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. रिकामं, थंडगार. बोळात गाद्या उभ्या करून आवाज अडवला. वाजवलेलं ऐकायला ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या, गच्च्या, बर्फ ओलांडून जावं लागे. शेवटी त्यांनी ऐकायला जाणंच सोडलं. वाजवायचं आणि पुढे जायचं. 'मशीन हेड' अशी तयार झाली. 1972 च्या मार्चमध्ये ती बाजारात आली.

[मामांची बोटं, गिटारच्या दोन तारांवर. अगदी जवळून.]

बोटं बघा. जगातला प्रत्येक नवशिका ही धून पट्टीने, म्हणजे तारा छेडायच्या प्लेक्ट्रमने, झोडतो. ब्लॅकमोर पट्टी वापरत नाही. दोन तारा, अंगठा आणि बोट, दोन्ही एकदम उचलायच्या. मामांच्या बोटांना बिडाच्या कामाने घट्टे पडलेत. त्या घट्ट्यांमुळेच आवाज बरोबर येतो, असं त्यांचं म्हणणं. ऐकल्यावर मलाही ते पटलं.

[केशवराव भोसले नाट्यगृह. मोबाइलवर टिपलेली आग. नंतर काळवंडलेल्या भिंती.]

हे माँत्रो नाही. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र, कोल्हापूर. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 साली खुलं झालेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. हे चौघंही त्या रात्री खासबागेच्या बाजूला गर्दीत उभे होते. शहराचा हक्काचा रंगमंच गेला.

[पुन्हा वर्कशॉप. सर चष्मा पुसतायत.]

सरांचा पक्ष मार्क थ्री. 1973 मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले. त्यांच्या जागी आलेला डेव्हिड कव्हरडेल तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. कपड्यांच्या दुकानात काम करणारा पोरगा. सोबत ट्रॅपीझ बँडमधला ग्लेन ह्यूज, बास वाजवणारा आणि गाणाराही. एका बँडमध्ये दोन गळे. एक भरदार खर्जाकडे झुकणारा, दुसरा तारसप्तकात खेळणारा. सर म्हणतात, "जुगलबंदी ऐकायला ज्याचे कान तयार झालेत त्याला मार्क थ्री समजावून सांगावा लागत नाही." मोबाइलवर ते कॅलिफोर्निया जॅम या महोत्सवातला 6 एप्रिल 1974 चा कार्यक्रम लावतात. ब्लॅकमोर गिटार उचलून टीव्हीच्या कॅमेऱ्यावर घालतो, मागे अँप्लिफायर पेटतो. सरांचं तिकडे लक्ष नाही. त्यांना ह्यूजचा सूर दाखवायचा आहे.

"अवो सर, ते दोघं एकमेकांवर वरडतायत," मामा.

"ऐकलंसा का आधी नीट?" सर शुद्ध मराठी सोडतात, ते फक्त इथेच.

1975 मध्ये ब्लॅकमोरही गेला. टॉमी बोलिन आला, एक तबकडी झाली, 1976 मध्ये बँड मोडला आणि त्याच वर्षाअखेर बोलिन 25 व्या वर्षी गेला.

[जुन्या पाकिटातून तिकीट बाहेर येतं. कडा पिवळ्या.]

तिसरे, निळ्या टीशर्टातले दादा. आता पन्नाशीला आलेत. एप्रिल 1995 मध्ये ते महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेले, घरी मित्राच्या लग्नाचं निमित्त सांगून. डीप पर्पल मुंबईत आला होता. मोडलेला बँड मधल्या काळात पुन्हा जुळला होता, आणि त्यात परतलेला ब्लॅकमोर 1993 मध्ये दुसऱ्यांदा आणि कायमचा सोडून गेला होता. गिटारवर होता अमेरिकेचा स्टीव्ह मोर्स. मार्क सेव्हन.

दादांचा मुद्दा हिशेबाचा आहे. ब्लॅकमोरचे दोन्ही कालखंड मिळून सोळा-सतरा वर्षं. मोर्स 1994 पासून 2022 पर्यंत राहिला. पत्नीच्या आजारपणात तिच्याजवळ राहायला त्याने बँड सोडला. "आन् ह्याला तुमी बदली खेळाडू म्हणताय?" हे वाक्य दादा दर वेळी म्हणतात आणि दर वेळी त्यांचा आवाज तितकाच चढतो.

मुंबईचा तो कार्यक्रम पुढे 'बॉम्बे कॉलिंग' या नावाने बाहेर आला. या नावामागे एक गंमत आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मार्क टूचं 'चाइल्ड इन टाइम' ऐकलंय? सुरुवातीला ऑर्गनवर येणारी ती हळवी धून? ती मुळात त्यांची नव्हेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडची, आणि त्या मूळ रचनेचं नावच 'बॉम्बे कॉलिंग'. मुंबईचं नाव असलेली धून इंग्लंडला गेली, गाणं झाली, आणि पंचवीस वर्षांनी तिला उचलणारा बँडच मुंबईत येऊन वाजवून गेला.

[पत्र्याचा उलटा डबा. दोन काठ्या. डावा हात पुढे.]

आणि ही चौथी. एकोणीस वर्षांची. मामांच्या शेजारची. मिरवणुकीच्या पथकात ताशा वाजवायची आणि ओरडा खायची, कारण ती डावखुरी आहे. काठी चुकीच्या हातात धरतेस, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. मग एका रात्री तिने मोबाइलवर डावखुरे ड्रमवाले शोधले. सापडला इयन पेस. सगळा संच उलटा मांडून बसलेला.

ती बोलायला लागली की मामा कॅसेट थांबवतात.

"तुमी सगळे गाणारा नायतर गिटारवाला बदलला की नंबर बदलताय. मी मोजतोच वेगळं. मला एकच मार्क दिसतोय."

बरोबर आहे तिचं. मार्क वनपासून मार्क नाईनपर्यंत प्रत्येक यादीत असलेलं नाव फक्त एक आहे. 1968 मध्ये बँडमध्ये आला तेव्हा पेस एकोणीस वर्षांचा होता, तिच्याएवढाच. लॉर्डसुद्धा 2002 मध्ये थांबला, डॉन एअरी आला. 2012 मध्ये लॉर्ड वारला. 2022 मध्ये मोर्स गेला, सायमन मॅकब्राइड आला. ड्रममागे तोच माणूस. 2016 मध्ये पक्षाघाताचा सौम्य झटका आला म्हणून त्याचे कार्यक्रम चुकले, तेवढेच. लवकरच तो परत बसला.

आपल्याकडे मैफलीच्या पत्रिकेत तबलजीचं नाव बारीक अक्षरात छापतात. या वादातही पेसचं नाव इतकी वर्षं कुणी घेतलं नव्हतं. तिघांनाही ते पाठ होतं, तरीही.

[डेक. 'स्मोक ऑन द वॉटर'. मामा ट्रेबल वाढवतात.]

आता तिच्या कानांनी ऐका. पहिल्यांदा गिटार एकटीच. मग हाय-हॅट, दोन पितळी थाळ्या एकमेकींवर जवळजवळ मिटलेल्या आणि त्यांवर काठीच्या टोकाची बारीक, न थांबणारी टिकटिक. मग स्नेअर. बास सगळ्यात शेवटी. त्या थाळ्यांनी गाणं चालायला लागतं. त्याआधी ते उभं होतं.

[डब्यावर तिच्या काठ्या. कॅसेटसोबत. तिघं गप्प.]

तिचा डावा हात पुढे जातो आणि डब्यावर ताशाची तर्री उमटते. इंग्लंडच्या गाण्यात शिवाजी चौकातली मिरवणूक घुसते. सर मान डोलवतात, नेमकी समेवर. दादा तिकीट पाकिटात ठेवतात आणि पाकीट खिशात.

[मामांच्या खिशातलं निळं पेन. कॅसेटची पट्टी, जवळून.]

'मार्क टू'च्या खाली थोडी जागा शिल्लक आहे. मामा चष्मा कपाळावर ढकलून तिथे लिहितात : 'ड्रम – इयन पेस.' अक्षर वरच्या ओळीएवढंच मोठं.

"पर मार्क टूच," ते म्हणतात.

"बरं," ती म्हणते. "दुसरी बाजू लावा."

[कॅसेट उलटी करून आत जाते. बटण.]