बरगडीतला कान

(मालवणची जेटी. पहाट. होडीतून टोपल्या उतरतायत.)

होड्या आत्ताच लागल्यात. बापाच्या मागून टोपली ओढत येणारा हा पोरगा दहा वर्षांचा. डोक्यावर कानटोपी आहे. वैशाखात, मालवणात, कानटोपी.

(तो टोपी काढतो. डावी बाजू. मग उजवी.)

डावा कान तुमच्याआमच्यासारखा. उजवीकडे शेंगदाण्याएवढा गोळा आणि त्याखाली पाळीचा तुकडा. वैद्यकात याला मायक्रोशिया म्हणतात. बहुतेकदा तो एकाच बाजूला असतो, आणि जास्त करून उजव्याच.

(मागलं दार. आई आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून बांगडे साफ करतेय. तिचा आवाज तसाच ठेवावा.)

"गिराणात आदोळयेर बसलंय, म्हणान झाला असा. सगळी तसाच म्हणतत."

ग्रहण लागलं तेव्हा तिला सातवा महिना होता. कानाची सुरुवात होते गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या आसपास. सहा बारीक उंचवटे उठतात आणि एकमेकांना मिळून कान घडतो. पाचव्या महिन्यापर्यंत कान ओळखू येण्याइतका झालेला असतो. म्हणजे त्या दिवशी आकाशात काहीही झालं असतं आणि तिने हातात काहीही धरलं असतं, तरी या कानाचं काय व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं. हे तिला दहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. सासरी नाही, माहेरी नाही, आणि खरं तर दवाखान्यातही नाही.

(सावंतवाडी, चितार आळी. पांगाऱ्याचं लाकूड, पटाशी, भुस्सा.)

हे प्लास्टिक सर्जन. सुट्टीच्या दिवशी ते लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराकडे येऊन बसतात. खिशात रुमालात गुंडाळलेलं गाजर आहे, आणि त्या गाजरात कोरलेला कान. खरा कान कोरायचा बरगडीच्या कूर्चेत, म्हणजे आपण ज्याला कुरकुरीत हाड म्हणतो त्यात. तिला हात लावण्याआधी जगभरचे सर्जन गाजरावर, बटाट्यावर, साबणावर हात बसवतात.

कारागीर गाजर हातात घेतात, मग स्वतःच्या कानावरून बोट फिरवतात. "डॉक्टर, ही आतली पन्हळ उथळ झाली. सावली पडत नाही हिच्यात."

खरं आहे. नव्या कानावर कातडी बसते तेव्हा बरीच खोली भरून निघते. कोरीव काम जरुरीपेक्षा खोल असावं लागतं. डॉक्टर दुसरं गाजर काढतात.

(ऑपरेशन थिएटर. पारदर्शक फिल्म, पेन.)

चांगल्या कानावर फिल्म ठेवून रेघ ओढली. फिल्म उलटी केली, झाला उजवा कान. कातडीची जाडी धरून कड थोडी आत घेतली.

आता छाती. बरगडीचं पुढचं टोक हाडाचं नसतं, कूर्चेचं असतं. मुलांमध्ये ती दुधासारखी पांढरी दिसते. हिच्या आत रक्तवाहिन्या नाहीत. आजूबाजूने जे झिरपेल त्यावर ती जगते, म्हणून एका जागेहून उचलून दुसरीकडे ठेवली तरी तगते. सहावी आणि सातवी बरगडी जिथे जुळते तो रुंद तुकडा कानाचा तळ होईल. आठवीची लांब पट्टी, कानाची बाहेरची कड.

आईने विचारलं होतं, "डॉक्टरांनू, माझी बरगडी घेवा ना." हा प्रयोग झालेला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॅरॉल्ड गिलीज यांनी मुलांच्या कानासाठी आयांच्या कानातली कूर्चा वापरली. ती हळूहळू विरून गेली. १९५९ मध्ये अमेरिकेत रॅडफर्ड टँझर यांनी मुलाच्या स्वतःच्याच बरगडीतून कान उभा करून दाखवला, आणि पुढे जपानच्या सातोरू नागाता यांनी ते काम दोन टप्प्यांत आणलं. आज टेबलावर दिसतंय ते त्याच घराण्यातलं.

(जवळून: पट्टी, पातं, वाकणारी कूर्चा. घाई करू नये.)

ट्रेमधल्या या छोट्या गोल पटाश्या. चितार आळीतल्या आठवतायत?

कूर्चेला एक खोड आहे. तिच्या आत ताण भरलेला असतो, दोन्ही अंगांचा एकमेकाला तोलून धरलेला. एका अंगाने तासलं की तोल सुटतो आणि ती न तासलेल्या बाजूकडे वाकते. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये हे नीट मांडलं. नाकाचा दांडा करायचा तर ही खोड वैरीण, तिथे दोन्हीकडून सारखंच तासावं लागतं. सुपासारखे पुढे आलेले कान मागे घ्यायला मात्र तीच मदतीला येते: पुढच्या अंगावर हलक्या रेघा पाडल्या की कान मागे वळतो.

इथे पट्टीची बाहेरची बाजू तासली जातेय. बघा, ती आपण होऊन आत वळतेय. डॉक्टरांनी फक्त धरून ठेवलीय. मग तळावर बसवून केसासारख्या बारीक तारेने टाके. वरून आणखी एक दुफाटी तुकडा, आतल्या घडीसाठी. कारागिरांनी सांगितलेली पन्हळ आज खोल आहे. थिएटरच्या दिव्याखाली तिच्यात सावली पडते.

(कातडीखालचा कप्पा. सांगाडा आत जातो. बारीक नळी.)

आता कातडीखाली नुसता उंचवटा दिसतोय. नळीतून आतली हवा ओढतात.

(इथे निवेदन नाही. कातडी खाली बसते, घड्या एकेक करून उमटतात. पूर्ण शॉट.)

छातीचं दुखणं काही दिवस राहतं, व्रण कायमचा. कधी जंतुसंसर्ग होतो, कधी कातडी उघडते. सहा महिन्यांनी कान डोक्यापासून उचलायला दुसरं ऑपरेशन आहे, आणि या कानाने ऐकू येणार नाही, तो डावाच ऐकेल.

(पट्टी सुटते. आरसा पोराच्या हातात. आई दाराशी.)

चष्म्याची काडी अडकवता येईल का, एवढंच त्याने विचारलं. दुसऱ्या ऑपरेशननंतर, डॉक्टर म्हणाले. नंबर कुठे आहे तुला? नंबर नाही. गॉगल हवाय.

(मागलं दार. आदोळी, बांगडे. आईचे हात. पोरगा बाजूला बसलाय, टोपीशिवाय. समुद्राचा आवाज.)