दोनाचा सदुसष्टावा घात, उणे एक

श्रोतेहो, नमस्कार. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्या चौसष्ट घरांना आणखी तीन घरे जोडली, तर सर्व दाण्यांची बेरीज दोनाचा सदुसष्टावा घात उणे एक, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ इतकी होते. ही एकवीस अंकी संख्या आजचा विषय आहे.

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली, दोनाच्या कोणत्या घातांतून एक वजा केल्यास मूळ संख्या उरते, याची यादी दिली आणि तीत ६७ हा घातांक घातला. १८७६ साली एदुआर ल्युका यांनी ही संख्या मूळ नाही हे सिद्ध केले. मात्र त्यांच्या पद्धतीतून अवयव हाती लागत नव्हते. पुन्हा सांगतो: संख्येला अवयव आहेत हे ठरले, पण ते कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

आता मला अत्यंत प्रिय असलेली हकिकत. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांचा मोठ्या संख्यांच्या अवयवांविषयीचा निबंध होता. सांगतात ते असे, की मुळातच मितभाषी असलेले कोल उठले, फळ्यापाशी गेले आणि एक शब्दही न बोलता त्यांनी दोनाचा सदुसष्टावा घात काढून त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागावर १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या दोन संख्या मांडून त्यांनी हातचे घेत घेत सगळा गुणाकार केला. (हातचे घेऊन केलेला लांबलचक गुणाकार हल्लीच्या मुलांना शिक्षा वाटतो, माझ्या मते तो शाळेतून कधीही हद्दपार होऊ नये, आणि पाढेही होऊ नयेत.) दोन्ही उत्तरे अंकाला अंक जुळली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, कोल तसेच मुकाट्याने जागेवर जाऊन बसले आणि कोणीही एकसुद्धा प्रश्न विचारला नाही. हे अवयव शोधायला किती काळ लागला, असे पुढे एकाने विचारले, तेव्हा तीन वर्षांचे रविवार, असे त्यांनी सांगितले म्हणतात.

रविवार तरी पुरले कसे? एक कारण असे, की या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला १३४ ने, म्हणजे सदुसष्टाच्या दुपटीने, भागले असता बाकी एकच उरते. बाकी एकच, हे ध्यानात ठेवावे. त्यामुळे बहुतेक सगळ्या संख्या तपासण्याआधीच बाद होतात.

ज्यांना पडताळा घ्यायचा असेल त्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. लहान अवयव सावकाश सांगतो: एक, नऊ, तीन, सात, शून्य, सात, सात, दोन, एक. यातून एक वजा करून १३४ ने भागल्यास भागाकार १४४५५८० यायला हवा.